मेन्लो पार्कची टेकडी : इमारती गेल्या, जागा राहिली

एडिसन म्हटलं की अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ओक ट्री रोड येतो. शेजारच्या आयझेलिनपासून एडिसनमध्ये शिरणारा हा रस्ता म्हणजे साड्या, दागिने, वाणसामान, मिठाई आणि शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधत मारलेल्या फेऱ्या. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील इथे आले की त्यांचा चेहरा खुलतो. न्यू जर्सीच्या मध्यावरचं हे गाव. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १,०७,५८८ होती. गावाला नाव आहे थॉमस अल्वा एडिसन यांचं, आणि ते नुसतं मानाखातर दिलेलं नाही. ज्या प्रयोगशाळेत आवाज टिपून पुन्हा ऐकवणारा फोनोग्राफ जन्मला आणि विजेचा दिवा घरात लावण्याजोगा झाला, ती याच गावाच्या हद्दीत, मेन्लो पार्क नावाच्या छोट्या वस्तीत होती.

आज ती तिथे नाही. तिची एकही इमारत जागेवर उभी नाही. आहे ती ३६ एकरांची झाडी, एक काँक्रीटचा मनोरा आणि दोन खोल्यांचं संग्रहालय. ओक ट्री रोडवर वर्षानुवर्षं खरेदीला येणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी हे पाहिलेलं नाही. गाडीने गेलं तर फार लांबही नाही.

वाढत्या उपनगरात इतिहास कसा हातून जातो आणि सार्वजनिक जागा राखल्यामुळे त्यातला किती परत मिळवता येतो, हे समजून घ्यायला मला मेन्लो पार्कइतकं बोलकं प्रकरण दुसरं सापडलेलं नाही. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो.

फसलेली जमीनविक्री आणि एक लाकडी इमारत

मेन्लो पार्कची सुरुवातच मुळी बिल्डरच्या फसलेल्या बेतातून झाली. पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या मार्गावर एक उंचवटा होता. तिथे प्लॉट पाडून घरं विकायची, असा तो बेत. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कचं नाव उचललं, पण गिऱ्हाईक आलं नाही. मोजकी घरं, एक छोटं स्टेशन आणि सभोवती शेतं, एवढंच उरलं. १८७५ च्या अखेरीस एडिसन यांनी तिथे जमीन घेतली. त्यांच्या वडिलांनी उभं राहून बांधकाम करून घेतलं आणि १८७६ च्या वसंतात मंडळी राहायला आली. जमीन स्वस्त, रेल्वे दाराशी आणि नेवार्क-न्यूयॉर्कची गडबड दूर, हा हिशेब होता. तेव्हा एडिसन एकोणतीस वर्षांचे होते.

मुख्य प्रयोगशाळा दोन मजली, लाकडी, शंभर फूट लांब आणि तीस फूट रुंद होती. बाहेरून ती एखाद्या खेड्यातल्या शाळेसारखी किंवा प्रार्थनाघरासारखी दिसे. आत भिंतभर रसायनांच्या बाटल्या, लांबलचक टेबलं आणि वरच्या मजल्याच्या टोकाला चक्क एक पाइप ऑर्गन. काम रात्र रात्र चाले. मध्यरात्री खाणं येई, कुणीतरी ऑर्गन वाजवी, आणि मग पुन्हा कामाला सुरुवात. माणसं जवळच्याच सारा जॉर्डनबाईंच्या खानावळीत राहत. एकट्या हुशार माणसाने अंधाऱ्या खोलीत शोध लावायचा, ही रीत इथे मोडली. काचकाम करणारा, यंत्रकाम करणारा, गणिती आणि रसायनं जाणणारा, सगळे एका छपराखाली येऊन ठरवून शोध लावू लागले. एडिसन यांच्या पेटंटांपैकी सुमारे चारशे या टेकडीवरच्या कामातून निघाली. माझ्या मते या जागेचं मोल दिव्यापेक्षाही या कामाच्या रीतीत जास्त आहे.

तरी दिव्याची गोष्ट सांगावीच लागते. १८७७ च्या डिसेंबरात फोनोग्राफ बोलला. १८७९ च्या ऑक्टोबरात कार्बनच्या तंतूचा दिवा तासन्‌तास जळत राहिला. त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री, ३१ डिसेंबरला, एडिसन यांनी तो सगळ्यांना खुला केला. रेल्वेने खास गाड्या सोडल्या आणि थंडीत कुडकुडत लोक स्टेशनावर उतरून टेकडी चढले. खांबांवर दिवे लावून उजळलेला क्रिस्टी स्ट्रीट हा अशा दिव्यांनी उजळलेला जगातला पहिला रस्ता मानतात. रस्ता अजून आहे आणि नावही तेच आहे. आज तो चार घरांचा साधा निवासी रस्ता वाटतो.

पंचेचाळीस वर्षांची हेळसांड

टेकडीचा हा काळ पाच-सहा वर्षांतच संपला. दिवा विकायचा तर वीज पोचवावी लागते, आणि गिऱ्हाईक न्यूयॉर्कात होतं. १८८२ च्या सप्टेंबरात मॅनहॅटनमधल्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू झालं तोवर एडिसन यांचं बहुतेक काम तिकडे गेलं होतं. १८८४ च्या ऑगस्टमध्ये मेन्लो पार्कच्या घरात त्यांच्या पहिल्या पत्नी मेरी वारल्या आणि ते घरही सुटलं. पुढे न्यू जर्सीतल्याच वेस्ट ऑरेंजला १८८७ मध्ये याहून कितीतरी मोठी प्रयोगशाळा उभी राहिली.

टेकडीवरच्या इमारतींना वाली उरला नाही. रिकाम्या लाकडी इमारतीचं जे होतं तेच झालं. फळ्या निघाल्या आणि आसपासच्या गोठ्यांना, खुराड्यांना लागल्या. खिडक्या फुटल्या. एक इमारत आगीत गेली, आणि मुख्य प्रयोगशाळा १९१३ च्या सुमारास कोसळली. शेजाऱ्यांनी फळ्या नेल्या म्हणून त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. शेतकऱ्याला छपराला फळी हवी असते, आणि पडक्या इमारतीची फळी म्हणजे कुणाचीच नाही, असंच जगभर मानतात. दोष द्यायचा तर व्यवस्थेला. ऐतिहासिक स्थळांसाठीचा अमेरिकेचा संघीय कायदा १९३५ चा, आणि जुन्या वास्तूंच्या जतनाचा व्यापक कायदा तर १९६६ चा. त्याआधी खाजगी जमिनीवरची एखादी वास्तू टिकायची तर मालकाची इच्छा हवी किंवा एखादा धनवान चाहता हवा.

चाहता आला, पण उशिरा. त्याचं नाव हेन्री फोर्ड.

फोर्ड तरुणपणी डेट्रॉइटच्या एडिसन कंपनीत अभियंता होते. एडिसन त्यांचं दैवत. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला ते जुन्या अमेरिकेतल्या घरांचं, दुकानांचं, कारखान्यांचं एक खुलं संग्रहालय उभारत होते. मेन्लो पार्कला त्यांनी माणसं पाठवली. त्यांनी प्रयोगशाळेची जागा खणली, उकिरड्यातून बाटल्यांचे तुकडे आणि तारा वेचल्या, आणि शेजारच्या शेडना लागलेल्या मूळ फळ्या शोधून विकत घेतल्या. सारा जॉर्डनबाईंची खानावळ तोवर उभी होती. ती अख्खी उचलून नेली. एवढंच काय, प्रयोगशाळेच्या सभोवतीची न्यू जर्सीची लाल माती मालगाडीत भरून डिअरबॉर्नला नेली, म्हणजे इमारत तिच्याच मातीत उभी राहील. दिव्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, २१ ऑक्टोबर १९२९ ला, राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या उपस्थितीत तिथे सोहळा झाला आणि ब्याऐंशी वर्षांच्या एडिसन यांनी दिवा पेटवण्याचा तो प्रसंग पुन्हा करून दाखवला. असं सांगतात की सगळं पाहून ते म्हणाले, साडेनव्व्याण्णव टक्के तंतोतंत आहे. उरलेला अर्धा टक्का कुठे चुकला, असं फोर्ड यांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं: आमच्या खोलीची जमीन इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

डेट्रॉइटकडे जाणं झालं तर हे संग्रहालय जरूर पाहावं. मेहनत थक्क करणारी आहे. फोर्ड यांनी ते केलं नसतं तर त्या फळ्या आज कुठेही नसत्या, हे मान्य करायलाच हवं. पण टेकडी काही मालगाडीत बसत नाही. रेल्वेतून जाणाऱ्यांना रात्री उजळलेली दिसलेली ती उंची, उतारावरून स्टेशनाकडे जाणारी वाट, शेजारची वस्ती, हे सगळं न्यू जर्सीतच राहिलं. इमारत मिशिगनला, तिची जागा इथे, अशी ताटातूट झाली. तिसरा वाटा वेस्ट ऑरेंजकडे गेला. तिथली मोठी प्रयोगशाळा आणि एडिसन यांचं घर संघीय सरकारच्या ताब्यात राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून उत्तम जपलेलं आहे. त्यामुळे एडिसन यांच्या नावाने येणारा प्रवासी एक तर वेस्ट ऑरेंजला जातो किंवा डिअरबॉर्नला. त्यांचं नाव घेतलेल्या गावात मात्र तो क्वचितच थांबतो.

मनोरा

गावाकडे उरली रिकामी जमीन. १९२५ मध्ये तिथे स्मारकफलक बसला तेव्हा एडिसन स्वतः हजर होते. १९२९ च्या सुवर्णमहोत्सवाला टेकडीवर एक लोखंडी मनोरा उभा राहिला आणि त्याच्याशी एक अखंड जळणारा दिवा लागला. १९३७ मध्ये वादळात तो मनोरा पडला. एडिसन यांच्याबरोबर काम केलेल्या जुन्या सहकाऱ्यांची एक संघटना होती. त्यांच्यापैकी विल्यम स्लोकम बार्स्टो यांनी पैसा दिला आणि पक्का मनोरा बांधला गेला. ११ फेब्रुवारी १९३८ ला, एडिसन यांच्या ९१ व्या जन्मदिनी, त्याचं लोकार्पण झालं. एडिसन तोवर वारले होते (१९३१). मनोरा सुमारे १३० फूट उंच, माथ्यावर जवळजवळ चौदा फूट उंचीचा काचेचा दिवा. बांधकामाला वापरलेलं सिमेंट एडिसन यांच्याच पोर्टलंड सिमेंट कंपनीचं. दिव्याचा शोधक सिमेंटच्या धंद्यातही होता, हे फार कमी जणांना माहीत असतं.

आपल्याकडे पुण्यात जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या इमारतींवर ‘येथे अमुक राहत होते’ असे निळे फलक दिसतात. वाडा गेलेला असतो, खाली पार्किंग असतं, आणि फलक तेवढा सांगत असतो. मेन्लो पार्कचा मनोरा हा त्याच जातीचा, पण एका बाबतीत फार वेगळा. इथे खालची जमीनही फलकाबरोबर राहिली. जमीन राज्याकडे आली आणि उद्यान म्हणून नोंदली गेली. त्या वेळी ही गोष्ट फारशी मोठी वाटली नसेल. सगळीकडे शेतंच होती, मोकळ्या जमिनीची कुणाला काय अपूर्वाई!

सोळा हजारांचं गाव चव्वेचाळीस हजारांवर

अपूर्वाई दुसऱ्या महायुद्धानंतर कळली. तेव्हा या गावाचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं, १८७० मध्ये शेजारच्या दोन टाउनशिपांतून कापून काढलेलं. १९०० मध्ये त्याच्या पोटातून मेटचन वेगळं झालं आणि १९०५ मध्ये हायलंड पार्क. म्हणून आजही नकाशात मेटचन हे एडिसनच्या मधोमध एखाद्या बेटासारखं दिसतं आणि नवख्याचा पत्ता हमखास चुकतो.

१९५० मध्ये इथे १६,३४८ माणसं होती. १९६० मध्ये ४४,७९९. दहा वर्षांत पावणेतीनपट. कारणं उघड होती. १९४८ मध्ये फोर्डचा मोटारींचा कारखाना आला. १९५० च्या दशकात न्यू जर्सी टर्नपाइक आणि गार्डन स्टेट पार्कवे हे दोन मोठे महामार्ग झाले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरासाठी सरकारी हमीचं कर्ज मिळत होतं. शेतकऱ्याने जमीन विकायची, बिल्डरने प्लॉट पाडायचे, आणि एकसारखी घरं ओळीने उभी राहायची. १८७० च्या दशकात मेन्लो पार्कवर फसलेला बेत आता साऱ्या गावभर यशस्वी झाला.

ऐन या धुमाळीत, १० नोव्हेंबर १९५४ पासून, गावाने नाव बदलून एडिसन केलं. न्यू जर्सीत रॅरिटन नावाची इतरही ठिकाणं होती, गोंधळ व्हायचा, ही सोय त्यात होतीच. पण मला त्यात आणखी काही दिसतं. रोज नवी घरं भरत होती, कुणी कुणाला ओळखत नव्हतं, बाजारपेठेचा जुना चौक नव्हता, गावाला एक असं मध्य नव्हतं. अशा वेळी सगळ्यांना आपलं म्हणता येईल असं एक नाव गावाने धरलं. नाव घेतलं तेव्हा इमारती जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. टेकडी होती म्हणून त्या नावाला आधार होता.

पाच वर्षांत रूट वन या महामार्गाच्या कडेला मेन्लो पार्क मॉल उघडला. आजच्या पिढीला ‘मेन्लो पार्क’ म्हणजे तो मॉलच. टेकडीवर मात्र घरं आली नाहीत, दुकानं आली नाहीत, कारण ती विकण्याजोगी उरलीच नव्हती. १९५० ते १९७० या वीस वर्षांत या भागात मोकळ्या जमिनीला जो भाव आला, तो पाहता ३६ एकर खाजगी राहिले असते तर आज तिथे दोन-तीनशे घरं असती आणि एका घराच्या कुंपणाशी ब्राँझचा फलक.

हाच हिशेब रूझवेल्ट पार्कलाही लागू पडतो. मिडलसेक्स काउंटीचं हे पहिलं उद्यान १९१७ मधलं, जवळजवळ दोनशे एकरांचं. गावाची वस्ती १९३० मध्ये उणीपुरी दहा हजार होती. इतक्या थोड्या माणसांसाठी इतकं मोठं उद्यान कशाला, असं तेव्हा म्हणणारेही असतीलच. आज मॉलच्या पाठीमागे, महामार्गाच्या आवाजात, तळं आणि उंच झाडं टिकून आहेत ती त्या खरेदीमुळे. १९६३ पासून उन्हाळ्यात तिथे उघड्यावर संगीतनाटकं होतात. घरून खुर्ची घेऊन जायचं आणि हिरवळीवर बसून बघायचं. मराठी माणसाला नाटकाचं वेड आहे म्हणून मुद्दाम सांगतो, एकदा जाऊन या.

या उद्यानात एडिसन यांचं आणखी एक स्मारक आहे, आणि माझ्या मते ते मनोऱ्याहून सुंदर आहे. महामंदीच्या काळात बेकार कलावंतांना काम देण्याची सरकारी योजना होती. तीतून शिल्पकार वेलंड ग्रेगरी यांनी १९३७ च्या सुमारास इथे एक कारंजं घडवलं. मधोमध पृथ्वीचा गोल. खाली युद्ध, रोगराई, दुष्काळ, मृत्यू, लोभ आणि भोगलालसा या सहा संकटांच्या रंगीत मातीच्या मूर्ती, ज्ञानाच्या प्रकाशापुढून पळ काढणाऱ्या. नाव ‘अंधार दूर सारणारा प्रकाश’ अशा अर्थाचं. घोड्यांच्या ताणलेल्या माना आणि मूर्तींचे चेहरे पाहताना १९३० च्या दशकातली जगाची भीती अंगावर येते. थंडी-बर्फाने मूर्तींना तडे जातात आणि वेळोवेळी डागडुजी करावी लागते. ज्यांची मुलं शेजारच्या मैदानात खेळतात अशा कितीजणांनी हे कारंजं एकवार भोवती फिरून पाहिलं असेल, हा प्रश्न मला सतावतो.

जुनं ते किती जुनं?

एडिसन गावाचा इतिहास एडिसनपाशी सुरू होत नाही. वुडब्रिज अॅव्हेन्यूवर सेंट जेम्स चर्चचं जुनं दफनस्थान आहे. तिथे हूपर आडनावाच्या दोन लहान भावांचा दगड आहे. १६९३ च्या ऑगस्टमध्ये विषारी अळंबी खाऊन दोघं गेले. सव्वातीनशे वर्षांपूर्वी कुणा आईवडिलांवर कोसळलेलं दुःख त्या दगडावर अजून वाचता येतं. शेजारीच पिस्काटावेटाउन या मूळ वसाहतीचं गायरान आहे, वसाहतीच्या काळापासून कुणाच्या मालकीचं न झालेलं.

आणि ओक ट्री रोड! तिथल्या दुकानांच्या गर्दीतून पुढे गेलं की ओक ट्री पाँड नावाची तळ्याकाठची जागा लागते. २६ जून १७७७ ला याच परिसरात अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातली शॉर्ट हिल्सची चकमक झाली. वॉशिंग्टन यांचं सैन्य वॉचंगच्या डोंगरांच्या आडोशातून खाली उतरलं होतं. ब्रिटिश सेनापती हाव यांनी पर्थ अॅम्बॉयहून सैन्याच्या दोन फळ्या काढून त्यांना गाठायचा डाव टाकला. अमेरिकी सेनानी लॉर्ड स्टर्लिंग यांची तुकडी संख्येने फार कमी होती. ती लढत लढत मागे हटली, तोफा गमावल्या, पण तेवढ्या वेळात वॉशिंग्टन पुन्हा डोंगरात सुरक्षित पोचले. हाव यांचा डाव फसला आणि महिनाअखेरीस ब्रिटिश सैन्य न्यू जर्सी सोडून स्टॅटन आयलंडला गेलं. ही चकमक शाळेच्या पुस्तकात सहसा नसते, कारण कुणी जिंकल्याचा डंका वाजवावा असं तिच्यात काही नाही. स्थानिक नागरिकांच्या पाठपुराव्यामुळे तळ्याची जागा बांधकामात न जाता ऐतिहासिक उद्यान म्हणून राहिली. मेन्लो पार्कचंच सूत्र इथेही दिसतं. एकही भिंत नाही, एकही तोफ नाही, पण उभं राहायला जागा आहे, आणि जागा आहे म्हणून फलक लावता येतो, शाळेची मुलं आणता येतात.

मनोऱ्याची डागडुजी

सार्वजनिक जमीन ठेवणं ही पहिली पायरी झाली. पुढचा खर्च कुणी बोलत नाही तो देखभालीचा असतो. मनोरा पन्नास-साठ वर्षांत थकला. काँक्रीटमध्ये पाणी शिरलं, आतल्या सळया गंजून फुगल्या आणि वरचे पोपडे सुटू लागले. खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर तुकडा पडायची भीती, म्हणून कुंपण घालावं लागलं. १९७९ मध्ये मनोऱ्याची राष्ट्रीय वारसा नोंदवहीत नोंद झाली होती. पण नोंद झाली म्हणून पैसा येत नाही. राज्य, गाव आणि स्मारकासाठी काम करणारी संस्था यांच्यात जबाबदारी वाटलेली, आणि वाटलेली जबाबदारी नेहमीच रेंगाळते. अखेर निधी जमला, तीस लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला आणि २०१५ च्या ऑक्टोबरात मनोरा नवा होऊन पुन्हा उजळला. काँक्रीट दुरुस्त झालं, माथ्यावरच्या दिव्यात आता एलईडी आहेत. रात्री रस्त्यावरून जाताना झाडांच्या वर तो दिसतो.

संग्रहालय मात्र अजून दोन खोल्यांचंच आहे. तिथे जुने फोनोग्राफ वाजवून दाखवतात. मेणाच्या नळीवर सुई टेकते आणि कर्ण्यातून शंभर वर्षांपूर्वीचा आवाज येतो. मोबाइलवर गाणी ऐकणारी मुलं तेव्हा काय गप्प होतात ते बघण्यासारखं असतं. जागा अपुरी, दिवस मोजके, आणि मदतीला स्वयंसेवक.

आता हा इतिहास कुणाचा?

इथे प्रकरणाचा नाजूक भाग येतो. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आणि विशेषतः १९८० पासून इथे भारतीय आले. कारणं साधी होती: न्यूयॉर्कची रेल्वे, १९७१ मध्ये उघडलेलं मेट्रोपार्क स्टेशन, बरी शाळा आणि परवडणारं घर. २०१० च्या जनगणनेत गावातली २८ टक्क्यांहून अधिक माणसं भारतीय वंशाची होती, आणि २०२० पर्यंत आशियाई वंशाची लोकसंख्या निम्म्यावर गेली. हा बदल सुखासुखी झाला नाही. १९९० च्या दशकात रॅरिटन सेंटर या उद्योगवसाहतीतल्या नवरात्राच्या गरब्यावरून गावाच्या प्रशासनाशी वाद झाला आणि १९९६ मध्ये तो फेडरल न्यायालयात गेला. २०१० मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात इथेच वाढलेल्या एका लेखकाने आपलं जुनं गाव हरवल्याचा लेख लिहिला, त्यातला भारतीयांविषयीचा सूर लोकांना लागला आणि साप्ताहिकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

त्या लेखातली चीड मला आजही समजत नाही, पण त्यामागची हुरहुर समजते. आपण वाढलो ती दुकानं, ती थिएटरं गेली की वाटणारी. फक्त त्या लेखकाचं ‘जुनं गाव’ १९७० च्या दशकातलं होतं. त्याच्या आधी इथे शेतं होती. शेतांआधी वसाहत, आणि वसाहतीआधी इथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांच्या पायवाटा. १९५५ मध्ये नव्या घरात आलेलं कुटुंबही एडिसनच्या प्रयोगशाळेशी रक्ताने जोडलेलं नव्हतं. मेन्लो पार्कला काम करणारे लोकही बहुतेक बाहेरचेच. चार्ल्स बॅचलर इंग्लंडहून आलेले, जॉन क्रूसी स्वित्झर्लंडचे, काचकाम करणारे लुडविग बोम जर्मनीचे. पहिला फोनोग्राफ एडिसन यांच्या आराखड्यावरून क्रूसी यांनी बनवला. परदेशातून येऊन तांत्रिक कामाच्या जोरावर न्यू जर्सीत घर करणं, ही गोष्ट या टेकडीवर १८७६ पासून चालत आलेली आहे.

म्हणूनच मला वाटतं की या गावातल्या मराठी कुटुंबांनी टेकडीकडे पाहुण्यासारखं बघू नये. आपण इथे घराचा कर भरतो. त्या करातून उद्यानं चालतात. रविवारी मराठी शाळेत मुलांना रायगड आणि शिवनेरी शिकवतो ते योग्यच आहे. पण त्याच मुलांना आपण राहतो त्या गावात १७७७ मध्ये कोण लढलं, १८७९ च्या शेवटच्या रात्री लोक कशासाठी टेकडी चढले, हे माहीत नसेल, तर त्यांच्या पायाखालची जमीन त्यांना परकीच राहते. गड बघायला जाताना आपण जे करतो, म्हणजे जागेवर उभं राहून गोष्ट सांगणं, ते इथे दहा मिनिटांच्या अंतरावर करता येतं.

निमित्तंही समोर आहेत. २०२६ मध्ये मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेला दीडशे वर्षं, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे. २०२७ मध्ये शॉर्ट हिल्सच्या चकमकीला अडीचशे वर्षं आणि फोनोग्राफला दीडशे. २०२९ मध्ये दिव्याला दीडशे, डिअरबॉर्नच्या सोहळ्याला शंभर. न्यू जर्सीत मराठी मंडळ आहे, मराठी शाळा आहेत, ढोल-ताशा पथकं आहेत, हौशी नाटकवाले आहेत. एक दिवस गणपतीच्या सभागृहातून निघून क्रिस्टी स्ट्रीटवर दिव्यांची मिरवणूक काढता येईल. शनिवारी दोन तास संग्रहालयात मराठी, गुजराती, तेलुगू बोलणारा मार्गदर्शक उभा राहू शकेल, म्हणजे सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीआजोबांनाही ती गोष्ट आपल्या भाषेत ऐकता येईल. फोनोग्राफच्या खोलीत एकावेळी थोडीच माणसं मावतात, तेव्हा गट छोटे ठेवावे लागतील आणि दिवस आधी ठरवून घ्यावा लागेल.